पान चारवर संपलेली गोष्ट

1979 साली मी डोंबिवलीहून एका मासिकाला कथा पाठवली. फुलस्केपचे आठ कागद, एकाच बाजूला लिहिलेले, डावीकडे चार बोटं समास, आणि सोबत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट. दीड महिन्यानं तेच पाकीट परत आलं. पोस्टमनच्या हातातली त्याची जाडी बघूनच कळलं, साभार परत. पण चौथ्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं : 'कथा इथं संपली. पुढचं कशाला?'

आठवडाभर चिडलो. मग पुढची चार पानं फाडली.

हस्तलिखितावरचा अभिप्राय तेव्हा असा, मागितल्याशिवाय आणि फुकट मिळे. त्याचं मोठं पीठ म्हणजे गिरगावातली खटाववाडी, 'मौज' प्रकाशन आणि 'सत्यकथा' मासिक. तिथले संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला सविस्तर पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला लावत. पटवर्धनांनी स्वतः 'पाडस'सारखा अनुवाद केलेला. एकेका शब्दासाठी अडून बसणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. खटाववाडीची आवड म्हणजे मराठीची आवड नव्हे, असं म्हणत राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांनी 1969 मध्ये 'सत्यकथे'ची होळी केली. त्यांचं म्हणणं मला पटतं. तरी 1982 मध्ये 'सत्यकथा' बंद झालं, तेव्हा ती पत्रंही गेली.

डोंबिवलीत पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे राहत, पण त्यांच्या दारात बाड घेऊन उभं राहायची माझी छाती झाली नाही. मी ठाण्याच्या एका निवृत्त मास्तरांकडे जात असे. ते मोठ्यानं वाचत; जीभ अडखळली की तिथं फुली. बाकी काही बोलत नसत. अर्ध्या कपाच्या चहात माझं चाळीस पानांचं लिखाण पंचवीसवर येई.

'बाड' हा शब्द मुळात जुन्या हस्तलिखितांचा. 1893 मध्ये ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणारे वि. ल. भावे जुन्या कवींची बाडं धुंडाळत, वाचत. त्यांच्या 'महाराष्ट्र सारस्वत'मागं ती खटपट आहे. दुसऱ्याचं हस्तलिखित चिकाटीनं वाचणारी माणसं या गावाला नवी नाहीत.

आता अभिप्रायाला दर असतो. तो असावाच, डोळे फोडून वाचणाऱ्यानं फुकट का वाचावं? पण गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी कादंबरीसाठी पैसे मोजले आणि त्यांना तीन पानं कौतुक मिळालं, त्यात शुद्धलेखनाच्या सात दुरुस्त्या. त्यांनी स्वखर्चानं तीनशे प्रती काढल्या. अडीचशेच्या वर दिवाणाखाली आहेत. मी ती कादंबरी वाचली. ती नवव्या प्रकरणात संपते, छापलीत सतरा.

ठाणे-कल्याणकडं कुणी बाड घेऊन हिंडत असेल, तर पैसे देण्याआधी समोरच्याला एवढंच विचारा : 'छापू नका' असं तुम्ही शेवटचं कधी सांगितलंत?