कातड्यांचा हिशेब : बर्फाखालची शिकार आणि दिल्लीची बाजारपेठ

गोठलेल्या नदीच्या बर्फाखाली बीव्हर आणि पाणमांजर यांना पकडण्याचा व्यवसाय ही उत्तर अमेरिका आणि सैबेरिया या प्रदेशांची मिरास होय. दिल्लीजवळची यमुना गोठत नाही. बीव्हर हा प्राणी तर ऐतिहासिक काळात भारतात नव्हताच. असे असूनही पाणमांजराच्या कातड्याच्या इतिहासात दिल्लीला वगळता येत नाही. ज्या थंडीमुळे हे कातडे मौल्यवान ठरते ती थंडी येथे नसली, तरी त्या थंडीत राहणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत माल पोहोचवणारी पेठ येथे होती. या पेठेचा इतिहास आजवर बहुतांशी वाघाच्या संदर्भात लिहिला गेला. पाणमांजर त्यात आले ते यादीतील शेवटची नोंद म्हणून.

बर्फाखालच्या शिकारीचे एक जुने व तपशीलवार वर्णन हडसन्स बे कंपनीचा नोकर सॅम्युअल हर्न याने केले आहे. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला. बीव्हर शरद ऋतूत फांद्यांचा साठा पाण्याखाली करून ठेवतो. त्याच्या घराची दारेही पाण्याखालीच असतात, त्यामुळे वरचे पाणी गोठले तरी त्याचे व्यवहार चालू राहतात. तेथील मूळ रहिवासी शिकारी प्रथम बर्फ फोडून ओढ्यात आडव्या मेखा ठोकत व प्राण्याची वाट बंद करीत. मग काठाकाठाने लोखंडी पहारीने बर्फ ठोकत जात. आवाज पोकळ आला की तेथे काठाखाली बीव्हरची आश्रयाची बिळे आहेत, हे अनुभवी कानाला समजे. नंतर घर फोडले की बीव्हर या बिळांकडे पळे आणि तेथेच सापडे. पाणमांजराची गोष्ट वेगळी. ते साठा करीत नाही, रोज मासा पकडते. म्हणून धबधब्याच्या किंवा खळाळाच्या पाण्यापाशी, जेथे बर्फ धरत नाही अशा ठिकाणी, ते हिवाळा काढते. शिकाऱ्याला त्या मोजक्या उघड्या जागा ठाऊक असल्या की पुरे.

या शिकारीचा हंगाम हिवाळाच का, याचे उत्तर कातड्यातच आहे. पाणमांजराच्या अंगावर सील माशासारखा चरबीचा जाड थर नसतो. त्याची ऊब राखतात ते बाहेरच्या राठ केसांखालचे दाट, मऊ केस. हा आतला थर थंडीत सर्वांत भरदार असतो. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीने तर हिवाळ्यात पकडलेल्या पूर्ण वाढीच्या बीव्हरच्या उत्तम कातड्यालाच हिशेबाचे एकक ठरवले होते. बंदूक, घोंगडी, किटली, इतर प्राण्यांची कातडी, सर्वांचे मोल त्या एककात मांडले जाई. बीव्हरचा संहार अपरिमित झाला, पण तो खातेवहीत उतरला, आणि म्हणूनच इतिहासकारांना तो मोजता आला.

भाषेने मात्र या दोन्ही प्राण्यांची नोंद फार पूर्वी करून ठेवली आहे. शुक्ल यजुर्वेदातील अश्वमेधाच्या पशूंच्या यादीत ‘उद्र’ येतो. ‘उदक’ आणि इंग्रजीतील ‘ओटर’ यांच्याशी त्याचे नाते आहे, आणि मराठीतील ‘ऊद’ हा त्याचाच वंशज. बीव्हरची कथा अधिक मौजेची आहे. त्याचे इंग्रजी नाव आणि संस्कृत ‘बभ्रु’ एकाच मूळ शब्दातून आले. अवेस्तातील आबान यश्तात अनाहिता देवीचे वस्त्र तीस बीव्हरांच्या कातड्यांचे सांगितले आहे. भारतात तो प्राणीच नसल्याने ‘बभ्रु’ हा शब्द येथे पिंगट रंगासाठी आणि मुंगसासाठी राहिला. प्राणी मागे राहिला, नाव पुढे आले.

गंगा-यमुनेच्या मैदानात पाणमांजराला पकडण्यासाठी बर्फाची गरज नव्हती. त्याची सवयच त्याला अडकवण्यास पुरेशी होती. या नद्यांतील मुख्य जात कुटुंबाने राहते. ठरावीक वाळूच्या पट्ट्यावर अंग घासणे, ठरावीक जागी विष्ठा टाकणे हा तिचा नेम. दात असलेला लोखंडी सापळा नेमका तेथे मांडला जाई. हिवाळ्यात पात्र आटून डोह वेगळे पडतात, पिलांमुळे कुटुंब बिळाजवळ राहते, आणि मासे पळवते म्हणून कोळीही त्याच्यावर रुष्ट असतात. सापळा मांडणारे बहुधा भटक्या जमातींतील होते. १८७१ च्या कायद्याने ज्यांतील अनेकांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांच्यापैकीच हे लोक. कातड्याच्या अंतिम किमतीतला अगदी लहान वाटा त्यांच्या हाती पडे. तुरुंगात मात्र प्रथम तेच जात.

या साखळीचे दिल्लीतील टोक म्हणजे सदर बाजारातील व्यापारी संसारचंद. १९७४ मध्ये त्याच्याकडे ६८० कातडी सापडली, म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा जेमतेम दोन वर्षांचा असताना. पुढे खटले चालले, जामीन मिळत गेले आणि धंदाही चालू राहिला. सरिस्का अभयारण्यातील वाघ नाहीसे झाल्याचे उघडकीस आल्यानंतर जून २००५ मध्ये तो दिल्लीत पकडला गेला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले आणि २०१४ मध्ये तो मरण पावला. चौकशीत त्याने अवघ्या चार गिऱ्हाइकांना ४७० वाघांची व २,१३० बिबट्यांची कातडी विकल्याचे सांगितले, असे केंद्रीय अन्वेषण विभागाने जाहीर केले होते. हे दोन आकडे सर्वतोमुखी झाले. पाणमांजराचा असा एकही आकडा लोकांच्या स्मरणात नाही.

वास्तविक जप्तीच्या याद्या वेगळे सांगतात. डिसेंबर १९९९ मध्ये दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादेत वाघाची तीन, बिबट्याची पन्नास आणि पाणमांजराची पाच कातडी सापडली. पाच ही संख्या क्षुल्लक वाटते. पण ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटात एका ट्रकमध्ये सापडलेल्या मालात वाघाची ३१, बिबट्याची ५८१ आणि पाणमांजराची ७७८ कातडी होती. सोबत दिल्लीच्या वृत्तपत्राची पानेही होती. हे प्रकरण जगभर वाघांच्या कातड्यांचे म्हणून गाजले. संख्येने सर्वांत मोठा भाग मात्र पाणमांजराचा होता. तिबेटी छुब्याला पाणमांजराच्या कातडीची किनार लावणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. वाघाचे कातडे एखाद्या श्रीमंतालाच परवडे. किनार मात्र अनेकांना हवी असे. त्यामुळे मागणीचा खरा विस्तार येथे होता. जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातील अमरावती येथे कालचक्र विधीच्या वेळी दलाई लामांनी अशी वस्त्रे न वापरण्याचे आवाहन केले आणि तिबेटात लोकांनी आपली कातडी वस्त्रे जाळली. कायद्याला तीन दशकांत जे जमले नाही ते बरेचसे एका प्रवचनाने साधले, हे मान्य करावे लागते.

कायद्याची दृष्टीही मुळात असमानच होती. वाघ पहिल्या अनुसूचीत, तर मैदानातील पाणमांजर दुसऱ्या. आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक ‘साइटीस’ करारात युरेशियाई पाणमांजराला आधीच कमाल संरक्षण होते. मैदानातील मऊ कातडीची जात व पश्चिम घाटातही आढळणारी लहान नखांची जात या दोहोंना ते २०१९ मध्ये, भारताच्या पुढाकाराने, मिळाले. या तिन्ही जातींच्या नद्या भिन्न आहेत : एकीचे मैदानातील मोठे प्रवाह, दुसरीचे हिमालयातील थंड पाणी, तिसरीचे डोंगरी ओढे. तिबेटातील ७७८ या आकड्यात त्या वेगळ्या मोजलेल्या नाहीत. त्यांतील किती कातडी चंबळची, किती तराईची आणि किती पहाडातली, याचा उलगडा त्या आकड्यातून होत नाही.