लाकडी ठशाची कथा

आपल्या समाजाचे लाकडाशी नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. नांगर, बैलगाडी, देव्हारा, दाराची चौकट ही आपल्या वाडवडिलांच्या हातची कामे. परंतु याच लाकडाने ग्रंथांचीही मोठी सेवा केली आहे, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून काष्ठखोदकामाचा, म्हणजे लाकडावर चित्र कोरून ते कागदावर छापण्याच्या कलेचा, अल्पसा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

लाकडी ठशाने छापण्याची विद्या मूळची चीन देशातील. तेथे सन ८६८ मध्ये छापलेल्या ‘वज्रसूत्र’ या बौद्ध ग्रंथाच्या आरंभी असे एक चित्र आहे. पुढे युरोपातही हे ठसे प्रचारात आले. ते उभ्या चिरलेल्या फळीवर सुरीने कोरीत. अशा फळीवर फार बारीक रेषा ठेवू गेल्यास तिचा टवका उडतो, हे आपल्या लोकांस सांगणे नलगे. म्हणून नाजूक चित्रांसाठी ग्रंथकार तांब्याच्या पत्र्याकडे वळले. पण पत्र्यावर शाई खोल रेषांत भरते, तर अक्षरांच्या खिळ्यांवर ती उंच भागास लागते. त्यामुळे मजकूर एका यंत्रावर आणि चित्र दुसऱ्या यंत्रावर, असा दुहेरी खटाटोप करावा लागे.

ही अडचण दूर करण्याचे श्रेय मुख्यतः थॉमस ब्यूइक या इंग्रज कारागिराकडे जाते. सन १७५३ मध्ये न्यूकॅसल शहराजवळील चेरीबर्न येथे एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी तो राल्फ बीलबी नावाच्या धातूवर कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिला. दुकानात आलेली लाकडाची कामे मालक या मुलाकडे सोपवी. ब्यूइकने फळीऐवजी बॉक्सवुड या अत्यंत कठीण व घट्ट लाकडाच्या खोडाचा आडवा छेद घेतला आणि सुरीऐवजी धातूवर चालणारी पोलादी कोरणी त्यावर चालविली. आडव्या छेदावर कोरणी हवी तशी वळते व केसासारखी रेषाही टिकते. असा ठसा खिळ्यांइतक्याच उंचीचा करून मजकुराबरोबर एकाच यंत्रावर छापता येई, आणि लक्षावधी प्रती काढल्या तरी तो सहसा झिजत नसे. दूरचा देखावा फिका उमटावा म्हणून ब्यूइक ठशाचा तेवढा भाग किंचित खाली उतरवून घेई. १७९० साली त्याचा चतुष्पाद प्राण्यांवरील ग्रंथ निघाला; १७९७ व १८०४ साली इंग्लंडातील पक्ष्यांवरील दोन खंड निघाले. चित्र त्याचेच आणि कोरणीही त्याचीच. १८२८ साली तो निवर्तला.

त्यानंतर मागणी वाढली. १८४२ साली लंडनमध्ये सचित्र साप्ताहिक सुरू झाले. बॉक्सवुडचे खोड बारीक असल्याने अनेक तुकडे जोडून मोठा ठसा करीत. चित्र काढून झाले की तुकडे सुटे करून निरनिराळ्या कारागिरांस वाटीत आणि कोरून आल्यावर पुन्हा जोडीत. डॅल्झील बंधूंच्या कारखान्यात ‘अ‍ॅलिस’च्या सुप्रसिद्ध गोष्टीची १८६५ सालची ४२ चित्रे कोरली गेली. हे काम अप्रतिमच. पण चित्र टेनिएल या चित्रकाराचे, आणि ज्यांच्या कोरणीने ते उमटले त्या कारागिरांची नावे किती जणांस ठाऊक आहेत? डोके एकाचे व हात दुसऱ्याचा, अशी वाटणी झाली. पुढे १८८० नंतर छायाचित्रावरून धातूचा ठसा बनविण्याची युक्ती निघाली, आणि केवळ नक्कल करणाऱ्या हातांचा रोजगार थोड्याच वर्षांत गेला.

तथापि कला मेली नाही. १९२० साली लंडनमध्ये काष्ठखोदकारांची एक संस्था स्थापन झाली. रॉबर्ट गिबिंग्ज, चार्ल्स डार्विन यांची नात ग्वेन रॅव्हरा इत्यादी तिचे संस्थापक सभासद स्वतःच चित्र कल्पीत व स्वतःच कोरीत. आपल्या देशात बंगालच्या हरेन दास (१९२१–१९९३) यांनी याच कोरणीने तिकडील खेड्यांतील जीवन चितारले. हात आणि डोके एका ठायी असलेले काम यंत्राच्या युगातही टिकले, ते असे.

आम्ही आयुष्यभर शिक्षकाचा पेशा केला. ‘वाकस-पटाशी सोडा, पुस्तक धरा’ असा उपदेश समाजातील कित्येक मुलांस आम्हीच केला. आज संगणकावर चालणारी यंत्रे दारांवर वेलबुट्टी कोरू लागली आहेत आणि ठरीव नमुने कोरणाऱ्या हातांस काम मिळेनासे झाले आहे. तेव्हा आमचा तो उपदेश खरा होता असे कोणी म्हणेल. आम्हांस मात्र वाटते, तो अर्धाच खरा होता. ‘पुस्तक धरा’ हे योग्यच. ‘पटाशी सोडा’ हे म्हणावयास नको होते. ब्यूइकने दोन्ही धरले, म्हणूनच त्याचे नाव राहिले. आपल्या मुलांनी शिकावे, चित्रकला व रचनाशास्त्र आत्मसात करावे, आणि ते घेऊन वडिलांच्या हत्यारपेटीपाशी पुन्हा एकदा बसावे, एवढीच या वृद्ध शिक्षकाची विनंती आहे.