पाणी सोडण्याची शिस्त

तिरोडा तालुक्यातले बोदलकसा ओळखले जाते ते तलावासाठी. तिथले मातीचे धरण १९१७ साली पूर्ण झाले, पण साठवलेल्या पाण्यावर हुकमत ठेवण्याची विद्या या पट्ट्यात त्याहून जुनी आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने भंडारा-गोंदिया भागात तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून सरकारकडे आले. या तलावांत पाळ बांधण्याइतकेच मोलाचे होते पाणी सोडणे. तुडुमाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीची, भोके उंचीच्या क्रमाने, आधी वरचे मग खालचे, अशी उघडली जात. पाणी झपाट्याने उतरले तर भिजलेल्या पाळीतले पाणी तितक्या लवकर निथळत नाही आणि पाळीची आतली बाजू घसरते. म्हणून पाण्याची गती एकदम बदलू द्यायची नाही, ही शिस्त. विहिरीवर पंप आले, गावागावांत नळयोजना झाल्या, तेव्हा यंत्रे पोचली. ही शिस्त मात्र मागे राहिली, असे माझे म्हणणे आहे.

यावर कोणी म्हणेल, उघड्या पाटाची आणि बंद पाइपची तुलना कशी करता? फरक खराच आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. पाटात पाणी अडले तर त्याला वर चढायला जागा असते. पाइपात ती नसते, म्हणून अडलेल्या गतीचा दाब होतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय जुकोव्हस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून याचे गणित मांडले. लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी अचानक थांबले, तर सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब उसळतो. पीव्हीसी पाइपात तो बराच कमी असतो, पण त्या पाइपाची ताकदही कमीच. दाबाची लाट १ किलोमीटर लोखंडी पाइपातून जाऊन परत यायला साधारण २ सेकंद लागतात. व्हॉल्व्ह त्याहून लवकर बंद झाला तर पूर्ण तडाखा बसतो. सांधे निखळल्यावर आपण पाइपाच्या दर्जाला दोष देतो. दर्जा वाईट असू शकतो, पण चांगला पाइपही रोजचे असे तडाखे कायम सोसत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि विजेचा. वीज सांगून जात नाही. पंप बंद पडतो, चढावरचे पाणी उलटे फिरते आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळते. वीज परतताच ऑटोस्विचमुळे मोटर अर्धवट रिकाम्या झालेल्या पाइपात पाणी ढकलते. त्यावर उपाय आहेत: प्रवाह उलटण्याआधीच मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह, उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह, मोटरचा वेग हळूहळू वाढवणारा सॉफ्ट स्टार्टर. ते महाग वाटले, तरी सेंट्रिफ्यूगल पंप डिलिव्हरी बाजूचा व्हॉल्व्ह मिटून सुरू करणे, मग तो व्हॉल्व्ह सावकाश उघडणे आणि पंप थांबवण्याआधी तो पुन्हा सावकाश मिटणे, याला पैसा लागत नाही. लागते ती शिकवण. तलावाच्या काळात पाणी सोडणे हे जाणत्याचे काम मानले जाई; आज नळयोजनेचा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला ते प्रशिक्षण आणि तो मान मिळायला हवा. योजनेच्या अंदाजपत्रकात पाइपांच्या लांबीसोबत या माणसाचाही हिशेब धरला, तरच योजना टिकेल.