तीन नोटा आणि एक टाचणी

मुलांच्या साहस-रहस्यकथेचा अभ्यास करू लागलं की पहिला प्रश्न समोर येतो तो मोठ्या वाचकाचा. चाळिशी उलटलेली माणसं ही पुस्तकं पुन्हा काढून का बसतात? बालपणाची आठवण, हे उत्तर ठरलेलं असतं. मला ते अपुरं वाटतं. आठवणीपोटी पुस्तक हातात घेतलं जाईल, पण शेवटच्या पानापर्यंत त्यानेच वाचकाला आपल्या बळावर न्यायला हवं. शिवाय ज्यांनी ते लहानपणी वाचलंच नव्हतं, तेही त्यात गुंततात.

एरिश केस्टनर यांची १९२९ मधली जर्मन कादंबरी ‘एमिल आणि डिटेक्टिव्ह’ या दृष्टीने नीट वाचण्यासारखी आहे. एमिल टिशबाइन एकटाच रेल्वेने बर्लिनला आजीकडे निघालाय. आईने १४० मार्क दिलेत: शंभराची एक नोट, विसाच्या दोन. वडील नाहीत. आई घरीच बायकांचे केस धुऊन, सेट करून संसार चालवते आणि ती किती राबते हे पोराला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो नोटांचं पाकीट टाचणीने कोटाच्या आतल्या अस्तराला टोचून ठेवतो. डब्यात त्याचा डोळा लागतो आणि पैसे जातात. पोलिसांकडे जायची सोय नाही, कारण गावातल्या ग्रँड ड्यूकच्या पुतळ्याला त्याने लाल नाक आणि मिशा रंगवल्यात.

इथून लहान वाचक चोरामागे धावत सुटतो. मोठा वाचकही धावतो, पण त्याचं अर्धं चित्त त्या आईपाशी अडकलेलं असतं. शेवटी बँकेत नोटा एमिलच्याच आहेत हे सिद्ध होतं ते टाचणीच्या भोकांवरून. मुलाला त्यात युक्ती दिसते. आपल्याला दिसतं की आईच्या कष्टांची काळजी होती म्हणूनच ती भोकं पडली. लेखकाने दोघांसाठी वेगळं काही लिहिलेलं नाही. वाक्यं तीच आहेत.

एमिलच्या मदतीला धावलेल्या बर्लिनच्या पोरांपैकी, पाठलाग चालू असताना टेलिफोनपाशी बसून राहणारा छोटा डीन्स्टाग तर मला नायकाइतकाच मोठा वाटतो. सगळी गंमत बाहेर चाललीय, आणि हा पोरगा निरोप घ्यायला जागेवरून हलत नाही. आजी शेवटी आवर्जून त्याचं कौतुक करते.

याच बर्लिनमध्ये १० मे १९३३ रोजी केस्टनर यांची पुस्तकं जाळली गेली. हे माहीत असलेल्या वाचकाला, एका परक्या मुलासाठी शहरातली पोरं कशी एकत्र येतात ते वाचताना गलबलून येतं.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी घरातल्या पुस्तकांपासूनच सुरुवात करावी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुन्हा काढा. तो कुठे पळाला हे तुम्हाला पाठ असेल. या खेपेला त्याच्यासाठी कोणाचा जीव टांगणीला लागला होता, तेही टिपून ठेवा.