मूत्राची घटना आणि मुतखडा : हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांच्या मुंबईतील संशोधनाचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक :
मूत्राची रासायनिक घटना ही मूत्रसंस्थेच्या कार्याची नोंदवही होय. वृक्कांतून दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो; त्यातील बहुतांश पुन्हा शोषला जाऊन सुमारे दीड लिटर मूत्र उरते. या प्रक्रियेत क्षारांचे प्रमाण बिघडले की त्याचा पुरावा कधी कधी खड्याच्या रूपाने मागे राहतो. प्रस्तुत लेखात या पुराव्याच्या मुंबईतील अभ्यासाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका :
सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीचे चार प्रकार सांगितले आहेत. नव्या घटातील स्वच्छ पाण्यातही कालांतराने गाळ साचतो, तसाच बस्तीत खडा बनतो, असा दृष्टान्त तेथे दिला आहे. हा विकार बालकांत विशेष आढळतो, हे निरीक्षणही त्यात आहे. गाळ कशाचा, हे ठरविण्यास मात्र रसायनशास्त्र व सूक्ष्मदर्शक यांची जोड आवश्यक होती.

कार्टर यांचे कार्य :
'ग्रेज ॲनाटॉमी' (१८५८) या ग्रंथाचे चित्रकार म्हणून परिचित असलेले कार्टर १८५८ मध्ये मुंबईस आले. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र शिकविले. कॉलेजच्या संग्रहालयातील मुतखड्यांचा त्यांनी अभ्यास केला. पुढे ते सातारा येथे सिव्हिल सर्जन होते. मुतखड्यांची सूक्ष्मरचना व निर्मिती यांवरील त्यांचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. खड्याचे केंद्र सर्वांत जुने व बाहेरचा थर सर्वांत नवा असतो. त्यामुळे थरांच्या क्रमावरून मूत्राच्या बदलत्या घटनेचा इतिहास वाचता येतो, हे या अभ्यासपद्धतीचे महत्त्व होय.

आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात :
लहान मुलांच्या मूत्राशयातील खड्यांत अमोनियम युरेट व कॅल्शियम ऑक्झलेट प्रामुख्याने आढळतात. केवळ धान्यावर आधारलेल्या व दूध कमी असलेल्या आहारात फॉस्फेट अपुरे पडते. परिणामी मूत्रातून अमोनियाचे उत्सर्जन वाढते. अतिसार व उष्मा यांमुळे मूत्र अधिक घट्ट होते. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूर येथे उंदरांवर केलेल्या प्रयोगांतूनही सदोष आहार व खडा यांचा संबंध पुढे आला. याउलट, युरियाचे विघटन करणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाल्यास मूत्र अल्कधर्मी बनून फॉस्फेटचे खडे होतात. म्हणजेच एकाच अवयवातील दोन खडे दोन भिन्न कारणांची साक्ष देतात.

समारोप :
शस्त्रक्रियेने खडा निघतो. परंतु खडा घडविणारे मूत्र तसेच राहिल्यास तो पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून काढलेल्या खड्याची घटना तपासणे हा उपचाराचाच भाग ठरतो. बालकांमधील मूत्राशयाचा खडा ज्या प्रदेशांत कमी झाला, तेथे आहारातील सुधारणेचा वाटा मोठा आहे. संग्रहालयातील खडे ही केवळ कपाटात ठेवण्याची वस्तू नसून एका पिढीच्या ताटात काय कमी होते याचे ते दस्तऐवज आहेत. शरीरक्रियाशास्त्र आणि सामाजिक इतिहास यांच्या अध्यापकांनी ते एकत्र बसून वाचावयास हवेत.