तिसरा बुधवार

आमच्या शेजारी एक आजी राहतात. 'आजी' मी मनातल्या मनात म्हणतो, समोर नावानेच हाक मारतो. इकडची रीतच तशी, आता सवय झाली. तर या आजी दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी सकाळी न चुकता गाडी काढतात. आधी औषधांचं दुकान, मग वाणसामान, आणि येताना आमच्या मुलीसाठी एक डोनट. कितीतरी दिवस मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा नेम असेल एकेक. मग एकदा त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी त्यांचे सोशल सिक्युरिटीचे पैसे बँकेत जमा होतात. ज्यांची जन्मतारीख ११ ते २० मधली, त्यांचा वार तिसरा बुधवार. डोनटसुद्धा त्या हिशोबातच बसवलेलं!

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. १९९८ मध्ये न्यू जर्सीत आलो तेव्हा पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर कापलेली रक्कम पाहून मी चिडलो होतो. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के, मेडिकेअरचे १.४५ टक्के, आणि तेवढेच मालकाकडूनही. आम्ही चौघे मराठी पोरं एका खोलीत राहायचो. "हे म्हाताऱ्यांचं खातं. आपली पाळी येईपर्यंत डबा रिकामा!" हे आमचं ठरलेलं वाक्य. त्यात दहा वर्षांची नोकरी भरल्याशिवाय निवृत्तीवेतनाचा हक्क नाही, आणि आम्ही तर पाच वर्षांत पुण्याला परत जाणार होतो. (गेलो नाही, ते सोडा.)

पण आजींच्या बुधवारामुळे या 'डब्या'चा इतिहास वाचायला लागलो आणि गुंतत गेलो.

मंदीच्या काळात अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांचे हाल झाले. बँका बुडाल्या, आयुष्यभराची पुंजी गेली, आणि ज्या मुलांकडे बघायचं तीच बेकार. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉ. फ्रान्सिस टाउनसेंड नावाच्या वृद्ध डॉक्टरांनी एक कल्पना मांडली. साठीच्या पुढच्या प्रत्येकाला सरकारने महिना २०० डॉलर द्यावेत, अट अशी की महिनाभरात ते खर्च करायचे. हिशोब अजिबात जुळत नव्हता, पण देशभर टाउनसेंड क्लब निघाले. त्या रेट्यात, आणि मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्या चिकाटीने, १४ ऑगस्ट १९३५ रोजी रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही केली.

पहिला मासिक चेक मिळाला व्हरमाँटमधल्या आयडा मे फुलर या अविवाहित बाईंना. वकिलाच्या कचेरीत नोकरी केलेल्या. चेकवर तारीख ३१ जानेवारी १९४०, रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. तीन वर्षांत त्यांच्या पगारातून कापले गेले होते एकूण २४ डॉलर ७५ सेंट. म्हणजे दुसऱ्या चेकलाच वसुली पूर्ण! बाई शंभर वर्षं जगल्या आणि एकूण बावीस हजारांवर डॉलर घेऊन १९७५ मध्ये गेल्या. यात लबाडी काही नाही. सुरुवातीच्या लोकांना असं झुकतं माप मिळणारच होतं, कारण आज काम करणाऱ्याने आजच्या म्हाताऱ्याला पोसायचं, ही या योजनेची रचना.

सगळंच गोड होतं असं नाही. १९३५ च्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेत काळ्या लोकांच्या वाट्याला मुख्यतः हीच कामं. त्यांना आत यायला १९५० चं दशक उजाडावं लागलं.

आजारपणाचा प्रश्न आणखी तीस वर्षं लोंबकळला. डॉक्टरांच्या संघटनेचा कडाडून विरोध. १९६१ मध्ये रोनाल्ड रेगन नावाच्या नटाच्या आवाजात त्यांनी विरोधाची ग्रामोफोन तबकडीही काढली होती. पासष्टीपुढच्या जवळपास निम्म्या लोकांकडे तेव्हा इस्पितळाचा विमाच नव्हता. अखेर ३० जुलै १९६५ रोजी जॉन्सन यांनी मेडिकेअरवर सही केली, तीही मिझुरीत ट्रूमन यांच्या गावी जाऊन, कारण हा प्रयत्न आधी करून हरलेला माणूस ट्रूमन. पहिलं कार्ड त्यांनाच दिलं. या कायद्याने आणखी एक काम केलं. मेडिकेअरचा पैसा हवा तर काळ्या-गोऱ्यांचे वेगळे वॉर्ड बंद करा, अशी अट होती. काही महिन्यांत हजाराहून अधिक इस्पितळांनी भेदभावाची व्यवस्था मोडली.

आता मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट. आपण भरले म्हणजे ते पैसे आपलेच, असं आपण धरून चालतो ना? कायदा तसं म्हणत नाही. एफ्राम नेस्टर हे बल्गेरियातून आलेले गृहस्थ. बरीच वर्षं पैसे भरले, निवृत्तीवेतन सुरू झालं. मग एकेकाळी कम्युनिस्ट पक्षात होते म्हणून त्यांना देशाबाहेर काढलं आणि वेतनही बंद केलं. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा मालमत्तेसारखा हक्क नाही, काँग्रेस तो बदलू शकते. बाहेरून येऊन इथे पगार घेणाऱ्या माझ्यासारख्याने हे दोनदा वाचावं.

मग हे टिकलं कशावर? माझ्या मते, लोकांच्या "आम्ही भरलंय" या भावनेवर. रूझवेल्ट यांनी पगारातून कपात मुद्दाम ठेवली ती त्यासाठीच, की पुढे कुणा पुढाऱ्याला योजना गुंडाळता येऊ नये. २००५ मध्ये धाकट्या बुश यांनी कपातीचा काही भाग खाजगी गुंतवणूक खात्यांत वळवायचा घाट घातला, गावोगाव फिरले, पण काँग्रेसमध्ये मतदानापर्यंतही गाडी गेली नाही. तीन वर्षांत, २००८ मध्ये, शेअर बाजार कोसळला. तेव्हा निवृत्त होणाऱ्यांचं काय झालं असतं, विचार करा.

पण हीच भावना आंधळीही होते. १९८८ मध्ये मोठ्या आजारपणांसाठी मेडिकेअर वाढवली आणि खर्च बऱ्या परिस्थितीतल्या वृद्धांवरच टाकला. पुढच्या वर्षी शिकागोत चिडलेल्या म्हाताऱ्यांनी रोस्टेनकोवस्की या बड्या खासदाराची गाडी अडवली, त्यांना उतरून पळावं लागलं! कायदा त्याच वर्षी रद्द झाला. याच्या उलट १९८३. निधी संपायला काही महिनेच उरले होते. तबकडीवाले रेगन आता राष्ट्राध्यक्ष, समोर विरोधी पक्षाचे टिप ओनील. दोघांनी मिळून तोडगा काढला. थोडी कपात वाढली, निवृत्तीचं वय हळूहळू ६५ वरून ६७ करायचं ठरलं. कुणीच खूश नव्हतं, पण चेक थांबले नाहीत.

परवा आजींनी विचारलं, "माझे पैसे कमी होणार का रे?" २०२५ च्या विश्वस्तांच्या अहवालात म्हटलं होतं की काहीच केलं नाही तर २०३३ मध्ये निवृत्ती निधीची शिल्लक संपेल आणि ठरलेल्या रकमेच्या साधारण ७७ टक्केच देता येतील. म्हणजे डबा रिकामा नाही, पण पाऊण. पाऊण पैशांत त्यांच्या यादीतलं काय गळेल, ते मला माहीत आहे. औषधं गळायला नकोत, एवढंच.

"१९८३ मध्ये निघाला तसा मार्ग निघेल," मी म्हटलं. ते खरं ठरायचं तर थोडं जास्त माझ्या पगारातून कापलं जाईल, हेही मला कळत होतं. आता चिठ्ठीवरचा तो आकडा बघून मी चिडत नाही. आईवडील पुण्यात आहेत, त्यांच्या औषधांना मी इथून पैसे पाठवतो. शेजारच्या आजींनाही मीच थोडे पाठवतो, एवढंच समजतो.

असो. उद्या तिसरा बुधवार आहे. मुलगी आत्तापासूनच विचारते आहे, चॉकलेटचं आणतील की साखरेचं.