दौलताबाद आणि मिठाची पोती

दौलताबादचा किल्ला अजिबात बघितला नाही असा मराठी माणूस विरळा, आणि नीट बघितला असा त्याहूनही विरळा. शाळेच्या सहलीत एकदा, लग्नानंतर एकदा आणि मग बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांच्याबरोबर एकदा, असं आपलं दौलताबाद होतं. एका दिवसाच्या सहलीचा क्रमही ठरलेला. सकाळी किल्ला, मग खुलताबाद, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, परतताना बीबी का मकबरा आणि अंधार पडता पडता पाणचक्की. एवढ्या सगळ्यात किल्ल्याच्या वाट्याला फार तर दोन तास. त्यातला अर्धा तास "आपण वरपर्यंत जायचं का?" या चर्चेत जातो.

मागच्या हिवाळ्यात घरच्या पाहुण्यांना घेऊन गेलो, तेव्हा पहिल्यांदाच गाईड केला. साठीच्या आसपासचे गृहस्थ, पायात साधी चप्पल, हातात बॅटरी. आम्ही बुटांत धापा टाकत होतो आणि ते मागे वळून वळून बोलत चढत होते. माणूस मोठा गोष्टीवेल्हाळ. त्यांच्याबरोबर किल्ला बघताना मजा आली हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्या एका वाक्याशी मला जरा भांडायचं आहे.

आधी किल्ला. छत्रपती संभाजीनगरहून (आपल्या जुन्या तोंडी औरंगाबादहून) वेरूळच्या रस्त्याला पंधराएक किलोमीटरवर हा सुळक्यासारखा डोंगर उभा आहे. उंची साधारण दोनशे मीटर. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम यादवाने इथे राजधानी केली, तेव्हा हिचं नाव देवगिरी. बाहेरचा अंबरकोट, मग महाकोट, मग काळाकोट, मग खंदक आणि त्याच्या आत डोंगर, अशी रचना. आज दिसणारे बरेचसे तट-दरवाजे आणि सगळ्याच तोफा यादवांनंतरच्या आहेत, पण डोंगर तोच. त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी असा तासून काढलाय की घोरपडीलाही पाय ठेवायला जागा नाही. कुणाचे हात लागले असतील या कामाला, त्यांची नावं कुठेच नाहीत. वेरूळला कैलास खोदणाऱ्यांचीही नाहीत, आणि कातळ दोन्हीकडचा एकच.

महाकोटाच्या दरवाजांवर हत्तीने धडक मारू नये म्हणून लोखंडी खिळे. आत डाव्या हाताला प्रचंड हत्ती हौद. पुढे भारतमाता मंदिर. इथे गाईडकाका भराभरा पुढे निघाले, पण मला वाटतं किल्ल्यातली सर्वात जास्त वेळ उभं राहण्यासारखी जागा हीच. शंभराहून अधिक खांबांचं हे आवार मुळात मशीद. दिल्लीच्या कुत्बुद्दीन मुबारक खिलजीने १३१८ च्या सुमारास ती बांधली आणि त्यासाठी खांब वापरले जुन्या देवळांचे. मग १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर इथे भारतमातेची मूर्ती बसली. देऊळ, मशीद, पुन्हा मंदिर. खांब तेच. त्यांना काय वाटत असेल ते त्यांनाच ठाऊक.

समोर चांदमिनार. पंधराव्या शतकाच्या मध्यात, बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा याच्या काळातला. वर चढायला आता बंदी आहे. पुढे चिनीमहाल, ज्याच्या निळ्या-पांढऱ्या फरशांचे थोडे तुकडे अजून भिंतीला धरून आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने १६८७ नंतर इथे कैदेत ठेवलं, तो मरेपर्यंत. जवळच बुरुजावर मेंढा तोफ. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे, म्हणून हे नाव. खरं नाव किल्ला शिकन, म्हणजे किल्ले फोडणारी. किल्ले फोडणारी तोफ किल्ल्याच्या रक्षणाला!

मग खंदकावरचा अरुंद पूल आणि त्यापुढे ती प्रसिद्ध अंधारी. गाईड मंडळींचा खरा रंगमंच हाच. काकांनी बॅटरी विझवली. वटवाघळांचा वास, ओल्या दगडाचा गारवा, आणि त्या काळोखात त्यांचा आवाज: "शत्रू इथपर्यंत आला, आता त्याला उजेड दिसतो डावीकडे. तो तिकडे धावतो. तिथे खिडकी नाही, थेट खाली खंदक. खंदकात मगरी." मग उकळतं तेल, मग आपसातच कापाकापी, मग वरच्या तोंडाला लोखंडी झाकण आणि त्यावर पेटवलेली शेगडी, म्हणजे धुराने आतला माणूस घुसमटून मेलाच पाहिजे. आमच्यातला एक दहा वर्षांचा भाचा आईचा हात सोडेना. बॅटरी पुन्हा लागली तेव्हा सगळे मोठ्याने हसले, जरा जास्तच मोठ्याने.

सातशेच्या वर पायऱ्या चढून बारादरीत पोचलो. वारा सुटला होता. तिथे काकांनी समारोप केला: "हा किल्ला अजिंक्य. तलवारीच्या जोरावर कुणाच्या बापाला घेता आला नाही. पडला तो फक्त फितुरीने." आमच्या पार्टीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण उतरताना ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण हे वाक्य फक्त गाईडचं नाही. शाळेत, भाषणात, घरी जेवताना, आपण सगळेच ते म्हणतो. आपला किल्ला पडला म्हणजे आत कुणीतरी सूर्याजी पिसाळ असणारच.

खरंच तसं झालं का? मला आठवतात ते तीन प्रसंग बघू.

पहिला १२९६ चा. कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी, अजून सुलतानही झालेला नाही, काही हजार घोडेस्वार घेऊन अचानक देवगिरीसमोर उभा राहिला. राजा रामदेवराव बेसावध. मुलगा शंकरदेव मुख्य फौज घेऊन बाहेर गेलेला. म्हणजे ज्याच्या राजवटीत, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगून झाली आणि ज्याच्या दरबारी हेमाद्रीसारखा करणाधिप होता, त्या राजाला शत्रू दाराशी येईपर्यंत पत्ता नव्हता. राजा वर किल्ल्यात गेला. खालचं शहर लुटलं गेलं. शंकरदेव परत येऊन लढला आणि हरला. तरी किल्ला शाबूत होता. मग रामदेवरावाने तह का केला? फरिश्ता सांगतो की घाईघाईत धान्य म्हणून जी पोती वर नेली, ती उघडल्यावर त्यांत मीठ निघालं. फरिश्ता हे लिहितो ते तीनशे वर्षांनी, तेव्हा पोत्यांची गोष्ट जशीच्या तशी घ्यायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. पण किल्ल्यात वेढा सोसण्याइतकं धान्य नव्हतं, हा तिचा गाभा. यात फितूर कोण?

दुसरा प्रसंग पंधराव्या शतकाच्या शेवटी. बहमनी राज्य मोडत होतं आणि अहमद निजामशहाला दौलताबाद हवं होतं. वेढा घालून काही जमेना. मग त्याने जुन्नर आणि दौलताबादच्या मध्ये नवीन शहर वसवायला घेतलं, तेच अहमदनगर (आताचं अहिल्यानगर). तिथून दरवर्षी सुगीच्या वेळी फौज पाठवायची आणि दौलताबादच्या आसपासची उभी पिकं उधळायची, असा क्रम लावला. तोफ नाही, शिडी नाही, नुसता विळा. १४९९ मध्ये किल्ला त्याच्या हाती आला. शेवटी किल्ल्यातल्यांनीच दारं उघडली हे खरं, पण त्याआधी काही वर्षं त्यांच्या शिवारात काय चाललं होतं ते बघितलं तर त्याला फितुरी म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

तिसरा १६३३ चा. मोगल सरदार महाबतखानाने वेढा घातला. सुरुंग लावून अंबरकोट फोडला, मग आतला महाकोट. म्हणजे तट फोडून आत शिरणं अशक्य होतं हेही खरं नाही. वरचा डोंगर मात्र तगून होता. आत बालनिजामशहा आणि मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान. बाहेरून विजापूरची फौज किल्ल्यात रसद घुसवायला धडपडत होती आणि तिच्यात होते शहाजीराजे. इथे क्षणभर थांबायला हवं. चारच वर्षांपूर्वी, १६२९ मध्ये, याच किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव मुलांसकट कापले गेले होते. जिजाबाईंचे वडील. देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवणारं घराणं, आणि मरण आलं ते देवगिरीतच. त्याच किल्ल्यातल्या लोकांना दाणे पोचावेत म्हणून त्यांचे जावई बाहेर लढत होते. राजकारण असं असतं. रसद पोचली नाही. १६३० ते ३२ चा भयंकर दुष्काळ, ज्यात तुकोबांचं घर उद्ध्वस्त झालं, तो नुकताच होऊन गेलेला. मुलखात तरी दाणा कुठे होता? जूनमध्ये फत्तेखानाने किल्ला दिला.

तीन वेढे, आणि तिन्ही वेळा निकाल लावला तो पोटाने. अंधारीत कुणी घुसमटून मेलं की नाही ते माहीत नाही, पण खंदक, झाकण, शेगडी यांपैकी कशाचाही भुकेपुढे उपयोग नव्हता. कातळ तासता येतो, भूक तासता येत नाही.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. माझ्या दृष्टीने आहे. फितुरीची गोष्ट आपल्याला आवडते कारण ती सोयीची आहे. दोष एका माणसावर जातो, बाकीचे सगळे सुटतात. पोती उघडून बघितली का, कोठारात किती महिन्यांचं आहे, शत्रू किती मजलांवर आहे हे कुणाला ठाऊक होतं का, हे प्रश्न मग विचारावेच लागत नाहीत. दहा वर्षांच्या पोराला आपण मगरी सांगतो, सूर्याजी पिसाळ सांगतो. कोठार कधीच दाखवत नाही.

गंमत म्हणजे हिशेब तपासण्याची सर्वात प्रसिद्ध गोष्टही याच किल्ल्यावरची. निजामशाहीत इथले किल्लेदार होते जनार्दनस्वामी, आणि त्यांच्याकडे पैठणहून आलेला पोरसवदा एकनाथ हिशेब बघायचा. परंपरा सांगते, एका पैची चूक शोधत तो रात्रभर दिव्यापाशी बसला आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. ही गोष्ट आपण कीर्तनात एकाग्रतेचा दाखला म्हणून ऐकतो. मला आता ती किल्लेदारीचाही दाखला वाटते. रामदेवरावाच्या कोठीवर असा एक एका पैसाठी जागणारा कारकून असता तर?

आणि किल्ल्याने वाचवलं कुणाला, हाही प्रश्न आहेच. खंदकाच्या आत राजा. बाहेर, अंबरकोटात, बाजार, विणकर, कुंभार, गवळी. १२९६ मध्ये लुटले गेले ते हेच. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी इथे आणली, देवगिरीचं दौलताबाद केलं, तेव्हा दिल्लीहून चाळीस दिवसांची वाट तुडवत आले तेही काही स्वतःच्या हौसेने नाही. सगळी दिल्ली ओस पडली यात अतिशयोक्ती असेल, पण अधिकारी, मौलवी, सूफी, कारागीर अशा पुष्कळांना यावं लागलं. काही वर्षांनी राजधानी परत गेली आणि आपल्या भाषेत 'तुघलकी कारभार' हा शब्द ठेवून गेली. सगळे मात्र परतले नाहीत. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन यांच्या कबरी खुलताबादेत आहेत. वाटेतल्या कागजीपुऱ्यात हातकागद करणाऱ्यांची परंपराही तिथले लोक त्या काळापर्यंत नेतात. इब्न बतूता १३४२ च्या सुमारास इथे आला, तेव्हा त्याला शहर भरभराटीत दिसलं. द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, गाणाऱ्यांचा स्वतंत्र बाजार आहे, असं त्याने लिहून ठेवलंय. किल्ल्याबद्दल म्हणतो, वर जायला कातड्याची शिडी आहे आणि रात्री ती वर ओढून घेतात. तळघरातले उंदीर मांजरापेक्षा मोठे आहेत, हेही सांगतो. (गाईड लोकांची परंपरा किती जुनी आहे बघा!)

ती वर ओढून घेतलेली शिडी मला विसरता येत नाही. खालच्या बाजारात त्या रात्री झोपलेल्या माणसाला ती वर जाताना दिसत असेल.

असो. भांडण संपलं. काकांचा मला राग नाही. त्यांनी दोन तासांत जेवढं दाखवलं तेवढं मला पुस्तकांनी दाखवलं नव्हतं, आणि अंधारी त्यांच्याशिवाय बघू नये असंच मी सांगेन. फक्त जमलं तर वेरूळ दुसऱ्या दिवसावर टाका. उतरल्यावर गाडीत बसायची घाई न करता बाहेरच्या तटाच्या कडेकडेने थोडं चाला. पडक्या भिंती, मधेच शेत, सीताफळाची झाडं, शेळ्या. राजधानी इथे होती. वर होतं ते फक्त लपायचं ठिकाण. आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना मगरी जरूर सांगा, पण मिठाच्या पोत्यांची गोष्टही सांगा. पोती कुणी भरली यापेक्षा ती उघडून कुणी बघितली नाही, हे विचारायला शिकवा.